के.जी.च्या आधीचे एक वर्ष : मुलाने नेमके काय शिकायचे असते?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि जूनपासून आमच्याकडच्या एका खासगी शाळेत नर्सरीत जाते. पुढच्या जूनमध्ये ती ज्युनियर के.जी.त जाईल. के.जी.च्या आधीच्या या एका वर्षात मुलाने नेमके काय शिकायचे असते, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे, कारण गेल्या दोन महिन्यांपासून आमच्या घरातला संध्याकाळचा एक तास रोज रडण्यात जातो आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेने रोज दोन पाने लिखाण द्यायला सुरुवात केली. एका पानावर इंग्रजी मुळाक्षरे आणि दुसऱ्यावर १ ते ५० अंक. मुलगी पेन्सिल मुठीत धरते, टोक कागदात रुतेपर्यंत दाबते आणि ३ हा अंक उलट्या तोंडाचा काढते. खोडून पुन्हा काढायला सांगितले, तर पुन्हा तसाच काढते. परवा सातव्या ओळीवर तिने पेन्सिल खाली ठेवली, उजवा हात डाव्या हातात धरला आणि म्हणाली, ‘‘माय, मन्हा हात दुखस.’’ मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी वहीत अपूर्ण गृहपाठाचा लाल शेरा होता.

दुसरी गोष्ट भाषेची आहे. माझ्या सासूबाई तिच्याशी दिवसभर अहिराणीत बोलतात. मुलीने वर्गात ‘‘माले पानी जोयजे’’ म्हटले म्हणून शाळेने आम्हाला बोलावून घेतले आणि घरी अहिराणी बंद करा, असे सांगितले. सासूबाईंनी ते ऐकल्यापासून त्या नातीशी मोजकेच बोलतात. हे मला लिखाणापेक्षाही जास्त लागले आहे. आम्ही काय करावे?

---

पांझराकाठ (धुळे)

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि गेल्या १९ वर्षांतली बहुतेक वर्षे माझ्याकडे पहिलीचाच वर्ग राहिला आहे. बालवाडीतून, अंगणवाडीतून आणि के.जी.तून आलेली मुले जूनच्या पहिल्या आठवड्यात कशी बसतात, काय धरतात आणि कशाला घाबरतात, हे मी दर वर्षी पाहतो. त्या आधारावर लिहितो.

आधी हाताबद्दल. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या मनगटातली ८ लहान हाडे अजून हाडे झालेलीच नसतात, ती मऊ कूर्चेची असतात. पुढे ती एकेक करून टणक होत जातात आणि शेवटचे हाड तर नवव्या ते बाराव्या वर्षाच्या आसपास तयार होते. साडेतीन वर्षांच्या मुलीने हात दुखतो म्हटले, तर ते कामचुकारपणाचे लक्षण मानू नका, तिचा हात खरोखरच थकलेला असतो. रेघा काढण्याचाही एक क्रम आहे. मूल साधारणपणे आधी उभी रेघ काढते, मग आडवी, तीन वर्षांच्या आसपास गोल, चारच्या आसपास अधिकचे चिन्ह, त्यानंतर चौकोन, आणि तिरप्या रेघा लागणारा त्रिकोण पाचच्या सुमारास. आता इंग्रजी के किंवा एक्स या अक्षरांत किती तिरप्या रेघा आहेत, ते पाहा. ज्या मुलीला अजून त्रिकोण जमण्याचे वय झालेले नाही, तिच्याकडून आपण तशी पाने भरून मागतो आहोत. उलट्या तोंडाच्या ३ ची काळजी तर अजिबात करू नका. सहा-सात वर्षांपर्यंत असे होते आणि बहुतेक मुलांचे ते आपोआप सुटते.

या वर्षात हाताला पेन्सिलीपेक्षा काम जास्त हवे. तुमच्या स्वयंपाकघरात ते भरपूर आहे. तुरीच्या शेंगा सोलणे, दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पिठाच्या लहान लहान गोळ्या करणे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणे, ओले फडके पिळणे, एका तांब्यातले पाणी दुसऱ्यात न सांडता ओतणे. या प्रत्येक कामात अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे कामाला लागतात, आणि पुढे पेन्सिल धरायची असते ती याच तीन बोटांनी. पोळ्याला मातीचे बैल करणारी मुले माझ्या वर्गात पेन्सिल लवकर सावरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. खांद्यातही बळ लागते, म्हणून चढणे, लोंबकळणे आणि झोका हवा. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका एका दिवसापुरता न ठेवता वर्षभर बांधलेला असू द्या. भिंतीवर ओल्या खडूने किंवा पाण्यात बुडवलेल्या ब्रशाने मोठमोठ्या रेघा ओढू द्या.

आता अंक. माझ्याकडे आलेली एक मुलगी १ ते १०० न अडखळता म्हणत असे. मी तिच्यापुढे ८ चिंचोके ओळीने मांडले आणि मोजायला सांगितले. तिचे बोट सहाव्या चिंचोक्यावर होते तेव्हा तोंड आठवर पोचले होते, त्यामुळे ओळ संपेपर्यंत ते १० झाले. ‘‘मग किती आहेत?’’ असे विचारल्यावर ती पुन्हा एकपासून मोजू लागली. ‘‘मला ४ दे,’’ म्हटल्यावर तिने मूठ भरून दिली. तिला अंकांचे गाणे येत होते, संख्या कळलेली नव्हती. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, शेवटी आलेला आकडा म्हणजेच ‘एकूण इतके’, आणि वस्तू लांब लांब मांडल्या म्हणून त्या वाढत नाहीत, या तीन गोष्टी समजायला मुलाला वेळ लागतो. नर्सरीच्या वर्षात ५ पर्यंत हे पक्के झाले, तर मी ते उत्तम काम म्हणेन. ताटे मांडताना ‘‘आपण पाच जण, पाच वाट्या आण,’’ एवढे रोज सांगितले तरी हे साधते.

शिवाय मराठी संख्यानावे मुळातच अवघड आहेत. एकवीस म्हणताना आपण एक आधी बोलतो आणि लिहिताना २ आधी लिहितो. एकोणतीसमध्ये तर ऐकू येते तीस आणि लिहायचे असतात २ आणि ९. याच अडचणीमुळे २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली गेली आणि त्यावर राज्यभर वाद झाला. तो वाद दुसरीच्या, म्हणजे सात वर्षांच्या मुलांवरून होता. आपण साडेतीन वर्षांच्या मुलीबद्दल बोलत आहोत.

शाळेशी बोलताना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात, जे ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, पहिलीच्या आधीच्या वर्षासाठी, म्हणजे ५ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी ठेवलेले उद्दिष्ट असे आहे : अक्षरे आणि त्यांचे ध्वनी ओळखणे, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणे, १० पर्यंतचे अंक ओळखणे आणि वाचणे, वस्तू, आकार व घटना क्रमाने लावणे. तुमच्या मुलीला त्या वर्गापर्यंत पोचायला अजून दोन वर्षे आहेत, आणि आजच तिच्याकडून ५० पर्यंत लिहून घेतले जाते आहे.

---

वाघूर (जामनेर)

दादांचे म्हणणे मनाला पटते, परंतु व्यवहारात अडचण येते. माझ्या मुलाला के.जी.साठी चांगल्या मानल्या जाणाऱ्या एका शाळेत नेले, तेव्हा त्याच्यापुढे कागद ठेवून नाव लिहायला सांगितले गेले. त्याला ते आले नाही. शेजारच्या मुलाला आले. आम्ही मजूर-शेतकऱ्यांची मुले, शहरातल्या मुलांच्या मागे आधीच आहोत, अशी भीती मनात असते. वर्षभर चिमटे लावले आणि पिठाच्या गोळ्या केल्या, असे सांगून कोणी प्रवेश देणार आहे का? मी वाद घालण्यासाठी विचारत नाही, मला खरोखर उत्तर हवे आहे.

---

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, तुमची भीती खरी आहे आणि ती तुमच्या एकट्याची नाही. कायद्यापुरते बोलायचे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १३वे कलम शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई करते आणि पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत दंड सांगते. पण तुम्ही विचारता ते त्याहून मोठे आहे : आपले मूल मागे पडेल का? पहिलीत माझा अनुभव असा आहे की नाव लिहिता येणारे आणि न येणारे मूल यांच्यातला फरक दिवाळीपर्यंत बुजतो. जे मूल गोष्ट शेवटपर्यंत ऐकू शकत नाही, दोन सूचना एकापाठोपाठ पाळू शकत नाही, ‘मला कळले नाही’ असे म्हणू शकत नाही, त्याच्याशी मात्र मला वर्षभर झगडावे लागते. लिहिणे आम्ही शाळेत शिकवू शकतो. ही दुसरी बाजू रिकामी आली, तर ती ४० मुलांच्या वर्गात भरून काढणे फार कठीण असते.

---

सातपुडा पायथा (शिरपूर तालुका)

मी २७ वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम करून निवृत्त झाले. माझ्या केंद्रात पावरी (सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची बोली), अहिराणी आणि मराठी बोलणारी मुले एकत्र बसत. म्हणून मी आधी भाषेबद्दल लिहिते, कारण मूळ धाग्यातली आजी मला सगळ्यात जास्त दिसते आहे.

ताई, आजींना आज रात्रीच सांगा की त्यांनी पूर्वीसारखेच बोलावे. तीन-चार वर्षांचे मूल शब्द साठवत असते, आणि ज्या तोंडातून त्याला सगळ्यात जास्त शब्द, गाणी, नाती आणि हकिकती मिळतात ते तोंड बंद केले, तर त्याची साठवणच थांबते. आजी अहिराणीत गोष्ट सांगते तेव्हा मुलगी ‘आधी काय झाले, मग काय झाले, का झाले’ हे शिकत असते. हे शिकणे नंतर मराठीतही तसेच उपयोगी पडते आणि इंग्रजीतही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे.

माझ्या केंद्रात एक पावरा मुलगा आला होता. पहिले तीन आठवडे त्याने तोंड उघडले नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून बसे आणि मुले गाऊ लागली की फक्त पायाचा अंगठा हलवी. मी मदतनीस बाईंकडून पावरीतले पाच-सहा शब्द शिकून घेतले : पाणी, ये, बस, भूक, आई. चौथ्या आठवड्यात मी त्याच्या भाषेत पाणी विचारले. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि पाणी न मागता हसला. त्या दिवशी तो चौकट सोडून सतरंजीवर आला. त्याला मराठी नंतर दोन-तीन महिन्यांत आली. आधी त्याची भाषा मला यावी लागली.

आईपासून सुटून तीन तास राहणे हेही या वर्षातले मोठे शिक्षण आहे. आई जाते आणि परत येते, हे मुलाला रोजच्या अनुभवाने पटावे लागते. म्हणून मी आयांना सांगत असे की लपून पळू नका, सांगून जा आणि सांगितलेल्या वेळी या. कापूस वेचणीच्या दिवसांत आया अंधार पडेपर्यंत शेतात असत आणि न्यायला कोण येणार हे सकाळी कोणालाच ठाऊक नसे. त्या महिन्यांत मुले जास्त रडत, जास्त भांडत. आम्ही मग सकाळीच मुलाला सांगून ठेवू लागलो, ‘‘आज तुला आजी नेणार आहे,’’ आणि तेवढ्यानेही फरक पडला.

पांझराकाठच्या दादांनी सूचना पाळण्याचे लिहिले आहे. त्यासाठी ‘चिमणी उड’सारखा खेळ नाही. ‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड.’ म्हैस म्हटल्यावर बोट खाली ठेवण्यासाठी मुलाला नीट ऐकावे लागते आणि उचलू पाहणारा हात आवरावा लागतो. तीन वर्षांचे मूल म्हशीलाही उडवते. सहा महिने खेळल्यावर तेच मूल बोट अर्धे उचलून थांबते आणि स्वतःच्याच बोटाकडे पाहते. मला त्या अर्ध्या उचललेल्या बोटाइतकी प्रगती कोणत्याही वहीत दिसलेली नाही.

जेवणाच्या वेळेतही पुष्कळ शिकणे असते. रांगेत उभे राहणे, साबणाने हात धुणे, आपले ताट दोन्ही हातांनी धरून जागेवर नेणे, शेजाऱ्याला न सांडता खाणे, शी लागली तर वेळेत सांगणे, चपला उजव्या-डाव्या ओळखून घालणे. ही कामे घरी आपण घाईपायी मुलाच्या हातून काढून घेतो. सकाळी दहा मिनिटे लवकर उठून त्याला स्वतःची बटणे लावू द्या. पहिले बटण खालच्या काजात जाईल आणि सदरा वाकडा होईल. तो वाकडाच राहू द्या.

ज्यांना हे सगळे नव्या काळाचे खूळ वाटते त्यांच्यासाठी सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली पाड्यांवरच्या मुलांसाठी याच पद्धतीने काम केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, बिया, पाने, शंख-शिंपले हीच साधने केली, आणि अंगणवाडी हा शब्द तिथून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना तेच नाव मिळाले.

---

केळीबाग (रावेर)

सेविकाताईंचे लिखाण दोनदा वाचले. माझ्याकडून एकच भर. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. तिथे किंडरगार्टन हा वर्ग पाचव्या वर्षी सुरू होतो आणि तो सरकारी शाळेचाच भाग असतो, त्यामुळे त्याच्या आधीचे वर्ष चार ते पाच वयाचे असते. आपल्याकडे के.जी. चौथ्या वर्षीच सुरू होते, म्हणून आपले ‘आधीचे वर्ष’ तीन ते चारचे ठरते. नाव तेच, पण मुले एका वर्षाने लहान. पुस्तके आणि गृहपाठ तिकडच्यासारखे उचलले जातात आणि हा एका वर्षाचा फरक कोणी धरत नाही.

पुतणीच्या शाळेने वर्ष सुरू होताना घरी पाठवलेली यादी भावाने मला वाचून दाखवली होती. जाकिटाची चेन स्वतः लावणे, डबा स्वतः उघडणे, आपले पूर्ण नाव सांगणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, कात्रीने कागद कापणे, गोष्ट ऐकताना मध्ये न उठणे, आपले नाव लिहिलेले ओळखणे. लिहिणे नव्हे, ओळखणे. किंडरगार्टन ही कल्पना मुळात फ्रोबेल या जर्मन शिक्षकाची. त्याने १८३७ मध्ये ब्लँकनबुर्ग गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिले, ज्याचा अर्थच मुलांची बाग असा आहे. त्याची मुख्य साधने लाकडी ठोकळे आणि चेंडू ही होती.

---

तापीमाई (भुसावळ)

मी वाचा-उपचाराचे काम करते. या धाग्यात उच्चारांचा विषय यायला हवा होता म्हणून लिहिते.

खानदेशात पुष्कळ घरांत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळाला डोया, काळाला काया, केळीला केयी. शाळेतून ‘याची जीभ जड आहे’ म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या मुलांत अशी मुले असतात की ज्यांचे उच्चार आजी-आजोबांसारखे हुबेहूब असतात. तो दोष नाही, ती घराची बोली आहे. अशा मुलाला टोकले, तर ते बोलणेच कमी करते. मोठ्यांनी उत्तर देताना आपल्या तोंडून ‘हो, केळी हवी ना?’ असे सहज म्हणावे, एवढे पुरेसे असते.

कानाची तयारी मात्र या वर्षात जरूर करावी. शब्दाचे तुकडे टाळ्यांनी मोजणे : के-ळी दोन टाळ्या, पा-टी-ला तीन. ‘काकडी, कापूस, कावळा, पाणी’ यांतला वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द ओळखणे. यमकाची बडबडगीते. शब्द आवाजांचा बनलेला असतो हे कानाला कळले, की पुढे ‘ग म भ न’ ही अक्षरे मुलाच्या हाती लवकर लागतात, कारण आपल्या लिपीत अक्षर आणि आवाज यांची जोडी बरीच सरळ आहे.

आता खरी काळजी कधी करावी, तेही सांगते. तीन वर्षे पूर्ण झाली तरी मूल तीन शब्दांचे वाक्य करत नसेल, चौथ्या वर्षी परक्या माणसाला त्याचे बहुतेक बोलणे कळत नसेल, मागून हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, किंवा येत असलेले शब्द गळू लागले असतील, तर वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या विभागाकडे) ते मुलाला पाठवू शकते. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पालकांनीही गावातल्या सेविकेकडे पथकाची तारीख विचारावी.

आणि एक विनंती. वर शेंगा सोलण्याचे लिहिले आहे ते उत्तम आहे, पण चार वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिकेत तुरीचा किंवा भुईमुगाचा दाणा अडकू शकतो. सोलताना शेजारी बसा आणि अख्खा दाणा तोंडात किंवा नाकात जाऊ देऊ नका.

---

वाघूर (जामनेर)

तापीमाई, माझा मुलगा ‘डोया’च म्हणतो आणि मी त्याला रोज टोकत होतो. आजपासून थांबवतो. दादा, तुमचे उत्तरही पोचले.

---

बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून पाहायचे होते.

मी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी एकटीने बोलले. निपुण भारतमधले ५ ते ६ वर्षांचे उद्दिष्ट कागदावर लिहून नेले होते. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि सांगितले की पाने वरून ठरतात, पण आमच्या मुलीला त्या रोज एकच ओळ देतील आणि शेरा लिहिणार नाहीत. भाषेबद्दल त्यांनी काही कबूल केले नाही. मीही तिथे अधिक ताणले नाही, घरात काय करायचे ते मात्र माझे मी ठरवले.

सासूबाईंना धागा वाचून दाखवला. पावरा मुलाची गोष्ट त्यांनी पुन्हा वाचायला लावली. आता संध्याकाळी त्या सुपात तुरीच्या शेंगा घेऊन बसतात आणि नात शेजारी. काल मुलीने सोललेले दाणे पाच वाट्यांत टाकायला घेतले, प्रत्येक वाटीत एक, मग पुन्हा प्रत्येकीत एक. चौथ्या फेरीत दाणे संपले आणि शेवटच्या वाटीला मिळाला नाही. तिने वाट्यांकडे पाहिले, आजीकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘आजी, एक कमी शे.’’ आजीने दुसरी शेंग तिच्या हातात दिली.